पांढरेशुभ्र डोळे

सगळे तिला बारीकताई म्हणत. अंगाने ती बारीक मुळीच नव्हती. ती बसली की खुर्ची आधी कुरकुरायची आणि मग निमूट व्हायची. नाव पडलं होतं ते कामावरून. कपडे ड्रायक्लीन करणाऱ्या एका जुन्या दुकानाच्या मागच्या अंगाला रफूची खोली होती. कसर लागलेले लोकरी कोट, निखाऱ्याने जळलेल्या बाह्या, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली तिथे यायच्या, आणि त्यातलं सगळ्यात नाजूक काम बारीकताईच्या मांडीवर जायचं. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे, भोकावर आधी उभे घालायचे, मग त्यांच्यातून आडवे, एक वर एक खाली, विणकराने विणल्यासारखे. काम झालं की गिऱ्हाईक कापडावरून बोट फिरवत विचारायचं, "अहो, पण भोक होतं कुठे?" तेवढं कानावर पडलं की तिचा दिवस चांगला जायचा.

त्या खोलीत डोळे तपासायची एकच रीत होती. सकाळी आल्यावर सगळ्यात लहान नेढ्याची सुई हातोहात फिरायची. जिचा धागा एका फटक्यात ओवला जाईल तिला त्या दिवशी काळं काम, म्हणजे काळ्या कापडावर काळ्या धाग्याचं. नाही ओवला तर बटणं लावायला बसायचं. सुई ओवली म्हणजे डोळे शाबूत, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. चष्मासुद्धा बायका असाच घ्यायच्या. रस्त्याच्या कडेला चष्मे मांडून बसणाऱ्याकडे जायचं, पदराला टोचलेली सुई काढायची आणि एकेक चष्मा लावून ओवून बघायची. ओवली की तो आपला. बारीकताईने चाळिशीनंतरचे सगळे चष्मे असेच घेतले होते. डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी ती कधी चढली नव्हती. चढायचं कारणच काय? तिची सुई कधी चुकली नव्हती.

आणि चुकणारही नव्हती. जे येत होतं ते सुईच्या वाटेने येतच नव्हतं.

खोलीच्या खिडकीत, कात्र्यांच्या डब्याशेजारी, डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक लहानशी बाटली असायची. कात्री जशी सगळ्यांची, तशी ती बाटली सगळ्यांची. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं, त्यांच्या रसायनाचा उग्र वास, इस्त्रीची वाफ आणि वरून लोकरीची उडती तूस. दुपारपर्यंत सगळ्यांचे डोळे लाल व्हायचे, खाजायचे, पाणी यायचं. बारीकताईच्या समोर एक बाई बसायची, तिला सगळे बोलकी म्हणत. झोपेत तरी ती गप्प राहत असेल का, यावर खोलीत दुमत होतं. काही वर्षांपूर्वी बोलकीचे डोळे फारच बिघडले तेव्हा कुठल्याशा डॉक्टरने तिला आठवडाभरापुरते हे थेंब दिले होते. गुण असा की बघत राहावं. आज घातले की उद्या डोळे पांढरेशुभ्र. आठवडा संपला, थेंब राहिले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला रिकामी बाटली दाखवली की तो भरलेली काढून द्यायचा. डॉक्टरची चिठ्ठी त्याने मागितली नाही, कुणी दाखवली नाही. काळं काम हातात घेण्याआधी एक थेंब, घरी जाताना एक थेंब, अशी हळूहळू रीतच पडून गेली. "डोळे निवळून घेणं" म्हणायचे त्याला.

बारीकताईची लेक शिवणाचा कोर्स करून त्याच खोलीत लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारी तिचे डोळे टोमॅटोसारखे झाले. बारीकताईने तिची हनुवटी धरली.

"मान मागे कर. वर बघ. जरा गार वाटेल."

"झोंबेल का गं?"

"इतकी वर्षं मी काय झोंबवून घेतेय? बघ वर."

दुसऱ्या दिवशी लेक आरशासमोरून हलेना. "आई, कसली बाटली आहे ही," ती म्हणाली, "हिची तर पूजा करायला हवी." बारीकताईने हसून तिला दटावलं, देवाधर्मावरून थट्टा नको म्हणून.

घरात मात्र वेगळीच भांडणं सुरू झाली होती, आणि ती माणसांशी नव्हती. दाराच्या चौकटीशी, कपाटाच्या कोपऱ्याशी, बादलीशी. बारीकताईच्या डाव्या खांद्यावर कायम एक निळा डाग असायचा. पहिला फिका पडायच्या आत दुसरा उमटायचा. तिचा नवरा नळजोडणीची कामं करायचा आणि बोलायला कमी असला तरी बोलला की नेमकं बोलायचा.

"या चौकटीचं तू काय घोडं मारलंयस?" त्याने एकदा विचारलं. "का तिनेच तुझं मारलंय?"

"चौकट अरुंद आहे."

"लग्नाच्या वेळी पुरत होती."

ती हसली. पण चहाचा कप डावीकडे ठेवला की तो लवंडायचाच. रस्त्यात तर अजून विचित्र. डावीकडून माणसं येत नव्हती, उगवत होती. आत्ता तिथे कुणी नाही, आणि पुढच्या क्षणी खांद्याला खांदा लावून कुणीतरी उभं. सायकलवाले शिव्या देऊन जायचे. कुणाला न सांगता ती भिंतीच्या कडेने, डावा हात भिंतीला लावून चालायला लागली. हात कधीपासून लागला हे तिचं तिलाही आठवत नव्हतं.

कधीकधी काम करताना तिला वाटायचं, डाव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं आहे आणि वाकून बघतंय. मनात देवाचं नाव घेऊन ती मान वळवायची. कुणी नसायचं. कपाट असायचं, भिंत असायची, रिकामी खुर्ची असायची. मान वळवेपर्यंत मात्र तिथे काहीच नसायचं. काळोखही नसायचा. काळोख असता तर तिला कळलं असतं.

थंडी सुरू झाली की त्या खोलीत श्वास घ्यायला फुरसत नसते. अशाच एका दिवशी दुकानाच्या मालकीणबाई स्वतः एक काळा कोट घेऊन मागे आल्या. कोट भारी होता, कुणातरी थोरामोठ्याच्या अंगावर जायचा होता.

"ताई, हा दुसऱ्या कुणाला देऊ नका," त्या म्हणाल्या.

"दुसऱ्या कुणाला दिला तर तो कोट स्वतः उठून माझ्याकडे येईल," बारीकताई म्हणाली, आणि खोली हसली.

तिने थेंब घातला, भिंगाचा दिवा जवळ ओढला आणि कामाला लागली. अर्ध्यावर आली असेल, तोच लोकरीची तूस उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली. तिने रुमालाची घडी केली आणि उजव्या डोळ्यावर दाबून धरली.

"अगं, लाइट का घालवली?" तिने विचारलं.

सगळ्यांच्या सुया थांबल्या. मग बोलकी म्हणाली, "कुणी घालवली? चालू आहे की. भिंगाचा दिवा तुझ्या नाकाला चटका देतोय, ताई."

बारीकताईने रुमाल काढला. दिवे लागलेले होते. खिडकीतून भर दुपारचं ऊन आत आलं होतं. चार चेहरे तिच्याकडे बघत होते आणि त्यातला एक लेकीचा होता.

"बघत होते, जाग्या आहात का सगळ्या," ती म्हणाली.

पुन्हा हशा झाला. ती उठली, मोरीवर गेली, डोळा धुतला. कुणी बघत नाही असं पाहून तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्या डोळ्याने दिसली ती मळक्या, जाड काचेपलीकडची मुठीएवढी खिडकी. तिच्याबाहेर नळ नव्हता, भिंत नव्हती, तिचा स्वतःचा खांदा नव्हता. मग तिने डाव्या डोळ्यावर हात ठेवला. उजव्याने नळ दिसला, भिंत दिसली, पण नाकाच्या बाजूचं सगळं कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखं होतं.

तिने हात पुसले, जागेवर येऊन बसली आणि पहिल्याच फटक्यात सुई ओवली. कोट पुरा केला. मालकीणबाईंनी कापडावरून बोट फिरवलं आणि खूश होऊन गेल्या. दोन दिवसांनी कोट परत आला. रफू झालेल्या जागेपासून वीतभर डावीकडे दुसरं भोक होतं, वाटाण्याएवढं, उघडं. तिच्या कामावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मालकीणबाई कोट नुसता टेबलावर ठेवून गेल्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तरी ती गप्पच राहिली. घरी सांगितलं नाही, खोलीत सांगितलं नाही. सांगितलं की बटणं. आणि दुसरंही एक कारण होतं, त्याला तर ती मनातही हात लावत नव्हती. तिचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. म्हातारपण आलं, सगळे म्हणाले, आणि कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. शेवटची वर्षं ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि चहाचा पेला कुठे आहे ते हवेत हात फिरवून शोधायचे. तो हवेतला हात तिला हल्ली झोपेच्या आधी दिसायचा. त्यावर उपाय म्हणून तिने दिवसाचे थेंब वाढवले आणि स्वतःची एक वेगळी बाटली पिशवीत ठेवली.

मग एका संध्याकाळी दोघी मायलेकी कामावरून घरी निघाल्या होत्या. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. लेक चालता चालता थांबली.

"आई, हल्ली ना दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात मला. इंद्रधनुष्यासारखी. छान दिसतं."

बारीकताईने लेकीचं मनगट धरलं. तिच्या वडिलांनी हे सांगितलं होतं. दिवे दिसत होते त्या शेवटच्या वर्षी, असंच कौतुकाने, जणू देवाने खास त्यांच्यासाठी काही मांडून ठेवलंय.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"असेल महिना दोन महिने. का गं? तुझा चेहरा असा काय झाला?"

"उद्या कामावर जायचं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय."

"उद्या? मला पहिल्यांदा काळं काम मिळणार होतं उद्या."

"मिळू दे दुसरीला."

आईने काळं काम दुसरीला जाऊ द्यावं, हे ऐकल्यावर लेकीने हट्ट सोडला.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, थकलेल्या होत्या, पण घाई करत नव्हत्या. आधी लेकीला तपासलं, मग म्हणाल्या, "आई, तुम्हीही बसा." बारीकताई नको म्हणेपर्यंत तिची हनुवटी यंत्रावर टेकलेली होती. निळा उजेड डोळ्याजवळ आला, गेला, पुन्हा आला. डॉक्टरबाईंनी तेच पुन्हा एकदा केलं.

"डोळ्यांत काही घालता का?"

"घालतो ना. दोघीही. चांगलं औषध आहे," बारीकताई म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून अभिमानाने पुढे केली. "तुमच्याकडे येणाऱ्यांना पण सांगा."

डॉक्टरबाईंनी बाटलीवरची अक्षरं वाचली. "किती दिवस घालताय?"

"दिवस कुठले, वर्षं झाली मला. हिला वर्ष होईल."

डॉक्टरबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. परत दिली नाही, दोघींच्या हाताला येणार नाही अशी पलीकडे ठेवली.

"यात स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "आठ दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली, ठीक. डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होत असतं आणि निचरा होऊन जात असतं. काही माणसांमध्ये या औषधाने तो निचरा तुंबतो. आत दाब वाढतो, मागची नस दबते आणि कडेकडेने मरत जाते. त्याला काचबिंदू म्हणतात. दुखत नाही, लाल होत नाही. मधलं दिसणं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही."

"म्हणजे सुई ओवता येते?"

"शेवटपर्यंत येईल."

बारीकताईने मान डोलावली, जणू कुणी पत्ता सांगत होतं.

"घरात कुणाची दृष्टी गेली होती?"

"वडिलांची. पण ते म्हातारपणाने."

"त्यांना तपासलं होतं?"

बारीकताई टेबलापलीकडच्या बाटलीकडे बघत राहिली.

"हे घराण्यात उतरतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि ज्यांच्या घराण्यात आहे त्यांना हे औषध जास्त बाधतं." आणि त्यांनी लेकीकडे बघितलं.

आणखी एक तपासणी होती. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातली कळ दाबायची. आधी बारीकताई बसली. कळ दाबली, दाबली, मग बराच वेळ काही झालं नाही.

"यंत्र बंद पडलं वाटतं," ती म्हणाली.

"नाही, चालू आहे," तपासणारी मुलगी म्हणाली. "समोर बघा."

मग लेकीची पाळी. बारीकताई पडद्याबाहेर बाकावर बसून ऐकत होती. टक. टक. टक. मग काहीच नाही. तिने डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. टक. पुन्हा काहीच नाही. त्या शांततेत उजेड लुकलुकून जात होते की नव्हते, हे तिला बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आपल्या वेळीही बाहेर असंच ऐकू आलं असेल, एवढं मात्र तिला कळत होतं. हनुवटी धरून आपणच म्हणालो होतो, वर बघ, गार वाटेल. टक. तिने पुढची कळ वाजायची वाट बघितली, आणि ती वाजेपर्यंत श्वास घेतला नाही.

निकाल डॉक्टरबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितला. बारीकताईचा डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजवा एका बाजूने जात होता. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखायला वेगळे थेंब रोज, जन्मभर, एकही दिवस न चुकता. पुढेमागे शस्त्रक्रियाही लागेल. लेकीचा दाब फार वाढला होता, पण नस अजून शाबूत होती.

"अजून," डॉक्टरबाई पुन्हा म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "तुझं त्या बाटलीशी नातं आजपासून संपलं. डोळे पुन्हा लाल होतील, पहिल्यापेक्षा जास्त होतील. गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. हे साधे थेंब देते, अश्रूंसारखे. चोळू नकोस, पापण्या मिटत जा, कामातून मध्येमध्ये मान वर करून लांब कुठेतरी बघ. काही झालं तरी ते औषध नाही. महिन्याने दाब मोजू. उतरला तर देव पावला. नाही उतरला तर आईच्या वाटेने निघालीस असं समज."

घरी बारीकताईने नवऱ्याला सगळं सांगितलं, तुंबलेल्या निचऱ्यासकट.

"निचरा तुंबला तर आधी मला नाही का सांगायचं?" तो म्हणाला. तो हसला नाही, तीही हसली नाही. थोड्या वेळाने उठून त्याने चौकटीजवळचं कपाट ओढून पलीकडच्या भिंतीला लावलं आणि बादली मोरीच्या आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी खोलीत बारीकताईने खिडकीतली बाटली उचलली आणि सगळ्यांसमोर मोरीत रिकामी केली. का, तेही सांगितलं.

"मग मला कसं दिसतंय?" बोलकी म्हणाली. "मी तर सगळ्यांच्या आधीपासून घालतेय. मला डोळ्यात घालायला काय, भाजीत घालायला पण चालते ती बाटली."

"एकेक डोळा झाकून बघ."

"बघीन, काम आवरलं की," बोलकी म्हणाली, आणि हातातल्या कोटावर वाकली.

बारीकताईने मालकीणबाईंनाही सांगितलं, काळं काम आता दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "सुई ओवता येते ना?" त्यांनी विचारलं. "मग झालं तर."

लेकीचे डोळे खरंच पहिल्यापेक्षा लाल झाले. त्याच सुमारास मालकीणबाईंनी तिला पुढे दुकानात बसवलं. पोरगी गोड बोलायची, गिऱ्हाईक तिच्याशी वाद घालत नसे. पण आता लोक पैसे काऊंटरवर ठेवून मागे सरकायचे. "डोळ्यांची साथ आलीय का?" विचारायचे. एकीने तर नाकाला पदर लावला. डोळ्यांची साथ नाकातून कशी येईल, ते तिलाच ठाऊक. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, बरे कधी होणार. लेक घरी येऊन गार पट्ट्या ठेवून पडायची आणि बारीकताई तिच्या उशाशी बसायची. ते लाल डोळे तिला बघवत नसत.

मग एका संध्याकाळी लेक दुकानातून बाहेर आली आणि दारातल्या झगझगीत दिव्याखाली उभी राहिली.

"अगं बाई," बोलकी म्हणाली, "पोरीचे डोळे बघ, ताई. दुधाने धुतल्यासारखे."

बारीकताईने बघितलं. पांढरेशुभ्र. एक लाल रेष नाही. लेक हसत होती आणि सुंदर दिसत होती. बारीकताईच्या अंगावर काटा आला.

बोलकी आपल्या वाटेने जाईपर्यंत तिने दम धरला.

"कुठे आहे बाटली?"

"कुठली बाटली?"

"एकाच डोळ्याने दिसतं मला. पण दिसतं."

लेकीने पिशवीचा बंद आवळला. "एकच थेंब, आई. सकाळी दुकान उघडायच्या आधी. रोज नाही काही. डॉक्टर लोक जरा जास्तच घाबरवतात. माझी नस चांगली आहे, त्याच म्हणाल्या ना?"

"अजून, म्हणाल्या."

"आणि लोक मला रोग झाल्यासारखं बघतात त्याचं काय?"

बारीकताई रागावली नाही. रागावायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. पहिला थेंब तिच्या हातचा होता. ती नुसती म्हणाली, "माझ्या डावीकडून चल. हात धरू नकोस. आणि कोपऱ्यापर्यंत एक शब्द बोलू नकोस."

"कशाला?"

"चल."

ती चालायला लागली. भिंतीला हात लावला नाही, मान वळवली नाही. लेक तिच्या डावीकडून चालत होती, हातभर अंतरावर. समोरून एक माणूस हातगाडी ढकलत आला. आई सरळ गाडीच्या दांड्यावर गेली, कमरेला लागलं, माणूस ओरडला. ती थांबली नाही. दुकानाची उघडी फळी खांद्याला घासून गेली, ती थांबली नाही. लेकीला तिचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर कसलीच चाहूल नव्हती. स्वच्छ, रिकाम्या रस्त्यावरून चालणाऱ्या बाईचा चेहरा होता तो.

कोपरा आला. बारीकताई फुटपाथवरून खाली उतरली. डावीकडून मालाचा टेम्पो वळत होता, दिवे लागलेले, हॉर्न वाजत. हॉर्न तिला ऐकू आला, पण तो कुठल्यातरी दुसऱ्या रस्त्यावरचा वाटला. तिने दुसरं पाऊल टाकलं. लेकीने दोन्ही हातांनी तिचा दंड धरून तिला मागे खेचलं. दोघी फुटपाथवर बसल्यासारख्या पडल्या.

"आई, टेम्पो होता." लेकीने तिचा दंड सोडला नव्हता. "एवढा मोठा टेम्पो होता."

"मला नव्हता," बारीकताई म्हणाली.

टेम्पोपुढे जायचं असं ठरवून ती निघाली नव्हती. हातगाडीपर्यंत तिने जाणूनबुजून केलं होतं, फळीपर्यंतही. टेम्पो मात्र तिला खरंच दिसला नव्हता, आणि लेक डावीकडे आहे हेही त्या क्षणी ती विसरली होती. पण हे तिने लेकीला सांगितलं नाही.

लेकीने पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. बारीकताईने ती तिथेच गटाराच्या जाळीतून खाली टाकली. पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

महिन्याची तपासणी आली तेव्हा डॉक्टरबाईंना लेकीने स्वतःच सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं पुन्हा मोजलं. दाब उतरत होता, पण हवा तेवढा उतरला नव्हता. मधले थेंब पडले नसते तर उतरला असता का, असं बारीकताईने विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी महिनाभर बघू. तोवर एकही नाही." बाहेर पडताना लेकीने आईच्या डाव्या हाताला हात घातला आणि पायऱ्या संपेपर्यंत सोडला नाही.

औषधवाला अजून कोपऱ्यावरच आहे आणि रिकामी बाटली दाखवली की भरलेली अजूनही मिळते. बारीकताईला ते माहीत आहे. रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी ती पुढे येते, लेकीला दारातल्या दिव्याखाली उभं करते आणि तिची हनुवटी धरते.

"लाल आहेत गं," लेक म्हणते. "आज तर फारच. एकाने विचारलं सुद्धा, रडलीस का म्हणून."

"वर बघ."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत."

बारीकताई अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढते, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. चेहरा आपल्या उजव्या डोळ्यासमोर आणण्यासाठी तिला मान बरीच वाकडी करावी लागते, आणि परवापेक्षा आज जास्त करावी लागली की काय, हे ती स्वतःला विचारत नाही. ती नीट बघते. लाल आहेत. सुजलेले, पाणावलेले, भाजल्यासारखे लाल. मनातल्या मनात हात जोडून ती लेकीला आपल्या डाव्या बाजूला घेऊन चालायला लागते.